घसरगुंडी चढून छताकडे: नॉर्विच कॅथेड्रल, ऑगस्ट 2019

इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथेड्रलच्या, म्हणजे तिथल्या बिशपच्या मुख्य चर्चच्या, मधल्या लांब दालनात उभं राहून छत बघायचं म्हटलं तर मान पार मागे टाकावी लागते, आणि मिनिटभरात ती भरून येते. छत सुमारे 21 मीटर उंचीवर आहे. त्यावर दगडी फासळ्यांचं दाट जाळं आहे आणि फासळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे प्रत्येक सांध्यावर एक कोरलेला, रंगवलेला दगड बसवला आहे. जमिनीवरून बघणाऱ्याला त्यावरचे चेहरे ओळखू येत नाहीत, रंगीत ठिपके तेवढे दिसतात. प्रत्यक्षात ते ठिपके म्हणजे पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी दगडात सांगितलेलं बायबल आहे, सृष्टीच्या उत्पत्तीपासून अखेरच्या न्यायनिवाड्यापर्यंत.

ऑगस्ट 2019 मध्ये कॅथेड्रलने याच छताखाली जत्रेतली एक घसरगुंडी उभी केली. इंग्लंडमध्ये तिला हेल्टर-स्केल्टर म्हणतात: निमुळता होत जाणारा मनोरा, वर चढायला आतून जिना आणि बाहेरून मनोऱ्याला वेढे घालत उतरणारी घसरण. उंची सुमारे 55 फूट, तिकीट 2 पौंड. 8 ऑगस्टला ती सुरू झाली, 18 ऑगस्टला बंद झाली. या अकरा दिवसांत जगभरच्या बातम्यांत तिचे फोटो झळकले आणि वाद पेटला तो एकाच प्रश्नावर: देवाच्या घरात हे चालतं का?

माझ्या मते या प्रकरणातला खरा प्रश्न निराळा होता आणि त्यावर फार कमी बोललं गेलं. शतकानुशतकं डोक्यावर असलेली, पण कुणाला नीट न दिसणारी कलाकृती लोकांच्या नजरेच्या टप्प्यात कशी आणायची? प्रेक्षकाच्या सहभागाशिवाय पुरी होत नाही अशी कला आज जगभर होते. अशी कला एखाद्या जुन्या वास्तूच्या पोटात करायची झाली तर ती वास्तूचं ऐकते की वास्तूकडे पाठ फिरवते, हे तपासायला नॉर्विचइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

आगीतून आलेली शिल्पं

आधी छत समजून घ्यायला हवं. बिशप हर्बर्ट डी लोसिंगा याने 1096 मध्ये कॅथेड्रलची पायाभरणी केली. दगड फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून, काँ परिसरातून आला. समुद्रमार्गे, मग नदीने, आणि शेवटच्या टप्प्यात मुद्दाम खोदलेल्या कालव्यातून तो थेट बांधकामापाशी उतरवला जाई. जाड खांब आणि गोल कमानींचं मुख्य बांधकाम 1145 पर्यंत पुरं झालं. वर छप्पर मात्र लाकडी होतं.

1463 मध्ये लाकडी शिखरावर वीज पडली. पेटलेलं शिखर खाली आलं आणि मधल्या दालनाचं छप्परही त्यात जळालं. त्या वेळचा बिशप वॉल्टर लायहार्ट याने नवं छत दगडाचं घेतलं. आग पुन्हा लागली तरी दगड टिकेल, हा त्यातला सरळ हिशेब. पण तोवर इंग्लंडमधले गवंडी नुसत्या आडव्या-तिरक्या फासळ्यांवर थांबत नव्हते. मुख्य फासळ्यांच्या मध्ये छोट्या जोडफासळ्या घालून ते नक्षत्रासारखी रचना करत. जोडफासळ्या वाढल्या की सांधे वाढतात, आणि सांध्यावर वेगवेगळ्या कोनांतून येणाऱ्या फासळ्यांची टोकं एका दगडात बसवावी लागतात. तो दगड कोरला की सांधा झाकला जातो आणि कथेला जागाही मिळते. म्हणजे नॉर्विचची छतशिल्पं वरून चिकटवलेली सजावट नाहीत. छत ज्या पद्धतीने उभं राहतं त्यातूनच ती आलेली आहेत.

मधल्या दालनाच्या चौदा भागांत अशी अडीचशेहून अधिक शिल्पं आहेत. पूर्वेकडच्या सात भागांत बायबलचा जुना करार, पश्चिमेकडच्या सात भागांत नवा. नोहाची नौका आहे, तांबड्या समुद्रात बुडणारा फारो आहे, सिंहाशी झुंजणारा सॅमसन आहे. कॅथेड्रलभरच्या अशा शिल्पांची गणती हजारावर जाते, आणि एका वास्तूत इतकी मध्ययुगीन छतशिल्पं जगात दुसरीकडे नाहीत. 1509 मध्ये पुन्हा आग लागली आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या दालनांवरही दगडी छत आणि नवी शिल्पं आली.

सगळ्यांत विलक्षण गोष्ट आहे ती आतल्या चौकाभोवतीच्या ओवऱ्यांची. 1272 मध्ये शहरवासी आणि इथल्या मठातले संन्यासी यांच्यात मोठी दंगल झाली. वाद होता जत्रेवरून. कॅथेड्रलच्या दाराबाहेर टूमलँड नावाच्या मैदानात जत्रा भरायची आणि तिच्यावर हक्क कुणाचा यावर दोन्ही बाजू हातघाईवर आल्या. शहरवासीयांनी मठ जाळला. राजा तिसरा हेन्री स्वतः नॉर्विचला आला, अनेकांना फाशी झाली आणि शहराला जबर दंड भरावा लागला. जळालेल्या ओवऱ्या नव्याने बांधायला 1297 मध्ये सुरुवात झाली आणि ते काम 1430 पर्यंत चाललं. त्या ओवऱ्यांच्या छतावर सुमारे चारशे शिल्पं आहेत.

2019 च्या वादात ‘जत्रा आणि प्रार्थनास्थळ यांचा काय संबंध’ असं ज्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी उत्तर या ओवऱ्यांमध्येच कोरलेलं होतं. जत्रा नेहमीच दाराशी होती. तिच्या उत्पन्नावर मठाचा डोळा होता, आणि तिच्यावरून झालेल्या भांडणामुळेच कॅथेड्रलला त्याच्या शिल्पांचा एक मोठा भाग मिळाला. ग्रामदैवताच्या देवळाबाहेर पाळणे आणि रेवड्यांची दुकानं बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन पटेल. पण इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर यात्रा आणि उत्सवांचा चर्चशी असलेला संबंध बराच तुटला आणि शांतता हीच पावित्र्याची खूण ठरत गेली.

सिस्टीन चॅपलमधून आलेली कल्पना

घसरगुंडीची कल्पना अँड्र्यू ब्रायंट यांची. ते कॅथेड्रलमधले कॅनन, म्हणजे तिथल्या कायम धर्मगुरूंपैकी एक. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलचं छत बघताना त्यांच्या मनात आलं की आपल्या नॉर्विचचं छतही तितकंच विलक्षण आहे, पण ते बघायला लोकांना जवळ कसं न्यायचं? सिस्टीन चॅपलमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस छत बघायलाच आलेला असतो. नॉर्विचमध्ये येणारा खांब बघतो, काचचित्रं बघतो, मेणबत्ती लावतो आणि जातो.

ब्रायंट यांनी घसरगुंडी एकटी आणली नाही. ती एका मोठ्या उपक्रमाचा भाग होती आणि त्याचा गाभा ‘वेगळ्या नजरेने बघणं’ हा होता. जमिनीवर चटया टाकल्या होत्या, त्यावर उताणं पडून छत बघता येई. डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्याच्या भरवशावर कॅथेड्रलमधून चालण्याची एक वाट होती. बायबलमधल्या गोष्टींसाठी एक कोपरा होता, आणि कॅथेड्रल आपल्याला वेगळं कसं दिसलं हे सांगायलाही जागा होती. यातली प्रत्येक गोष्ट शरीराला काहीतरी करायला लावते: पड, चाचपड, चढ, घसर. डोळ्यांना छत दाखवायचं तर आधी शरीराची जागा बदलावी लागेल, हे आयोजकांना नेमकं कळलं होतं. नुसती माहितीची पाटी लावून किंवा कानात यंत्र अडकवून हे होत नाही.

मनोऱ्याच्या माथ्यावरचा बघण्याचा मंच सुमारे 40 फुटांवर होता. हा आकडा मला संपूर्ण प्रकरणात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा हिशेब करू. जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून छत साधारण वीस मीटरवर आहे. मंचावर उभं राहिलं की तेच अंतर आठ मीटरच्या आत येतं. शिल्प अडीचपट मोठं दिसतं. शिवाय खालून ते अगदी डोक्यावर असल्यामुळे सपाट भासतं. मंचावरून शेजारच्या भागांतली शिल्पं तिरकी दिसतात आणि त्यांची खोली कळते: पुढे आलेला हात, आत गेलेला चेहरा, दगडाच्या कडेला वळवलेली नौका. मचाणावर चढून हे दगड बसवणाऱ्या गवंड्यांनंतर इतक्या जवळून ते बघणारे लोक थोडेच असणार. त्या अकरा दिवसांत दोन पौंडांचं तिकीट काढणाऱ्या कुठल्याही मुलाला तिथे पोचता आलं.

आक्षेप आणि उत्तरं

टीका करणाऱ्यांमध्ये सगळ्यांत ठळक नाव गॅव्हिन अ‍ॅशेंडन यांचं. ते पूर्वी राणी एलिझाबेथ यांच्या धर्मगुरूंपैकी एक होते. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: कॅथेड्रलमध्ये माणूस गूढाच्या, परमेश्वराच्या अनुभवासाठी येतो, तिथे करमणूक देणं म्हणजे लोकांना नेमकं काय हवं आहे हे न ओळखणं. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. शांतता हेही एक काम आहे आणि ते करणाऱ्या जागा शहरांत कमी होत चालल्या आहेत. दुःखात असलेली एखादी व्यक्ती त्या आठवड्यात तिथे प्रार्थनेला आली असेल तर तिला मुलांचा किलबिलाट आणि रांग सोसावी लागली असणार. या व्यक्तीचा विचार न करता ‘सगळे मजेत होते’ असं म्हणणं मला पटत नाही.

उलट बाजूने कॅथेड्रलच्या तेव्हाच्या प्रमुख, डीन जेन हेजेस यांच्यासह कॅथेड्रलची मंडळी ब्रायंट यांच्या पाठीशी उभी राहिली. प्रार्थना आणि सेवा त्या दिवसांतही चालू होत्या. अखेरच्या दिवशी, रविवारी, लिनचे बिशप जोनाथन मेरिक मनोऱ्यावर चढले आणि घसरगुंडीवर बसूनच प्रवचन दिलं. देवालाही लोकांनी आपल्याकडे ओढलं जावं, आनंदात असावं असं वाटतं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मग ते घसरत खाली आले. त्याचं चित्रीकरण जगभर फिरलं, पण त्यात छत फारसं कुठे दिसलं नाही. कॅमेऱ्यांना बिशप हवे होते.

पैशाचा मुद्दाही निघाला. इंग्लंडमधल्या अनेक मोठ्या कॅथेड्रलांत प्रवेशशुल्क आहे. नॉर्विचमध्ये प्रवेश मोफत आहे, लोक देणगी देतात. दोन पौंडांच्या तिकिटावर कॅथेड्रल श्रीमंत झालं असतं असं मानायला जागा नाही, आणि तो हेतू होता असं म्हणणाऱ्यांनी चटया, डोळ्यांवरची पट्टी वगैरे मोफत गोष्टींकडे काणाडोळा केला.

त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टर कॅथेड्रलमध्ये नऊ खड्ड्यांचं छोटं गोल्फ मैदान मांडलं होतं. प्रत्येक खड्ड्यापाशी एका पुलाची प्रतिकृती होती. लिचफील्ड कॅथेड्रलच्या जमिनीवर चंद्राचा पृष्ठभाग अंथरला होता. माणूस चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं झाल्याचं ते निमित्त. वर्तमानपत्रांनी या सगळ्यांची एकच मोळी बांधली आणि ‘कॅथेड्रलांना काय झालंय’ असं विचारलं. ही मोळी मला चुकीची वाटते. पूल आणि चंद्र दुसऱ्या कुठल्याही मोठ्या दालनात मांडता आले असते. नॉर्विचची घसरगुंडी दुसरीकडे हलवली की तिचा अर्थच उरत नाही, कारण तिच्या उंचीला कारण होतं आणि ते कारण छत होतं.

कलाकाराविना कलाकृती

हिला कला म्हणायचं का? कुठल्याही कलाकाराची सही तिच्यावर नव्हती. जत्रेत फिरणारी घसरगुंडी आणून बसवली होती. पण घसरगुंडी याआधीच कलेच्या दालनात शिरली होती. 2006 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात कार्स्टन होलर या कलाकाराने पाच पोलादी घसरगुंड्या लावल्या होत्या. सर्वांत उंच घसरगुंडी पाचव्या मजल्यावरून थेट खालच्या प्रचंड टर्बाइन हॉलमध्ये उतरायची. जुन्या वीजकेंद्राच्या त्या दालनाची उंची लोकांनी तेव्हा अंगाने मोजली.

होलर यांच्या कामात घसरण्याचा क्षण, तोल सुटण्याची ती दोन-चार सेकंदं हीच कलाकृती होती. नॉर्विचमध्ये मात्र घसरणं हे आमिष होतं आणि कलाकृती वर, छतावर, आधीपासून होती. म्हणून मी नॉर्विचच्या उपक्रमाला सहभागाची कलाच म्हणेन, फक्त त्यातली मूळ कृती पंधराव्या शतकातली आणि तिच्याकडे नेणारा रस्ता 2019 चा. कुणाही एकट्याचं नाव त्यावर नसणं मला उलट शोभून दिसतं. छतशिल्पं कोरणाऱ्या हातांची नावंही त्या दगडांवर नाहीत.

जिथे ती कमी पडली

कौतुक केलं तरी दोष झाकायचं कारण नाही. पहिला दोष रचनेतच होता. जत्रेतली घसरगुंडी एकामागून एक माणूस खाली सोडण्यासाठी बनवलेली असते. माथ्यावरचा मंच ही तिच्यात थांबण्याची जागा नसते. मागे रांग असताना माणूस छताकडे किती वेळ बघेल? आणि बसून घसरायला लागला की नजर पायांकडे, खाली असते. म्हणजे ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप केला तो क्षण जिन्याची शेवटची पायरी आणि घसरण्याची जागा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कोंबला गेला. आयोजकांकडे उंची होती, वेळ नव्हता.

दुसरी अडचण जागेची. मनोरा एका ठिकाणी उभा होता आणि छताची कथा चौदा भागांत पसरलेली. कुठूनही पाहिलं तरी आसपासचे दोन-तीन भागच नीट दिसणार. नोहापाशी चढलात तर न्यायनिवाडा दूर. कथा क्रमाने सांगणाऱ्या कलाकृतीसाठी हे मोठं नुकसान आहे. आपण नेमकं कोणतं शिल्प बघतोय हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तर जवळ जाऊनही ठिपक्याचा फक्त मोठा ठिपका झाला असणार.

तिसरी गोष्ट अंगाच्या ताकदीची. मनोऱ्याच्या पोटातला अरुंद जिना व्हीलचेअरवरच्या माणसासाठी नाही, गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी नाही. नॉर्विचच्या छतावर आयुष्यभर प्रेम करणारे बरेच जण याच वयाचे असणार. चटयांवर उताणं पडणंही सगळ्यांना जमत नाही. इंग्लंडमधल्या काही कॅथेड्रलांत चाकांवर ठेवलेला आरसा असतो, त्यात मान न उचलता छत दिसतं. साधी, स्वस्त, जुनी युक्ती. मला वाटतं, घसरगुंडीइतकीच प्रसिद्धी त्या आरशाला मिळायला हवी.

चटयांबद्दल मात्र मनापासून सांगतो, या उपक्रमातली सर्वांत खरी कलाकृती तीच होती. उताणं पडलेल्या माणसाची मान मोकळी असते, घाई नसते, मागे रांग नसते. डोळे हळूहळू अंधाराला सरावतात आणि ठिपक्यांतून आकृत्या सुटू लागतात. शेजारी कुणी अनोळखी पडलेला असतो, तो म्हणतो ‘तो बघ मासा’, आणि दोघं मिळून एक दगड वाचतात. यासाठी तिकीट नाही, यंत्र नाही. पण नुसत्या चटया टाकल्या असत्या तर ही बातमी झाली नसती आणि त्या आठवड्यात कॅथेड्रलच्या दारातून आत आलेल्या अनेकांना असं काही छत आहे हेच कळलं नसतं. घसरगुंडीने माणसं आणली आणि चटयांनी त्यांना छत दिलं. दोघींना वेगळं काढून मोजता येत नाही, पण टीकाकारांनी व चाहत्यांनीही नेमकं तेच केलं.

पुढचा डायनासोर

2021 मध्ये नॉर्विच कॅथेड्रलच्या त्याच दालनात लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला डिप्पी आला. डिप्लोडोकस या डायनासोरच्या सांगाड्याची ही सुमारे 26 मीटर लांबीची प्रतिकृती ब्रिटनभर दौऱ्यावर होती आणि नॉर्विच हा शेवटचा मुक्काम. गर्दी लोटली, आणि दोन वर्षांपूर्वीसारखा गदारोळ झाला नाही. लोकांना एव्हाना सवय झाली होती असं म्हणता येईल, किंवा डायनासोरला शाळेचा, विज्ञानाचा मान असतो आणि घसरगुंडीला नसतो, असंही.

कॅथेड्रलमध्ये असं काही करू पाहणाऱ्यांनी या दोन्ही प्रयोगांपुढे एकच प्रश्न ठेवून पाहावा: आलेला माणूस परत जाताना वास्तूबद्दल नवं काय सांगेल? डिप्पी बघून जाणारा डिप्पीबद्दल सांगेल. घसरगुंडीवरून उतरलेल्या निदान काही जणांना वर नोहाची नौका आहे हे माहीत झालं होतं. पुन्हा कधी ती उभारली तर मंच रुंद करावा, तिथे शिल्पं ओळखून दाखवणारं माणूस ठेवावं, रांगेतल्या प्रत्येकाला वर निदान पाच मिनिटं हक्काची मिळावीत, आणि ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी खाली आरसा आणि दुर्बीण असावी. खाली घसरत यायचं की जिन्याने उतरायचं, हे मग ज्याचं त्याने ठरवावं.